कुंपणावरची आठवी

"ताई, पाणी सोडलंत का?"

वहिनींचा हा प्रश्न पाण्याबद्दल कधीच नसतो. आमच्या पंपाची घरघर त्यांच्या माजघरात ऐकू जाते. पाणी सोडलंय की नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असतं. प्रश्नाचा अर्थ एवढाच, की हातातलं काम टाका आणि कुंपणापाशी या. आमच्या दोन वाड्यांमध्ये अडुळशाचं कुंपण आहे आणि त्याला मधोमध एक भगदाड आहे. २०२० सालच्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा वहिनींच्या तीन पोफळी आडव्या होऊन माझ्या हद्दीत पडल्या. त्या उचलताना कुंपण तुटलं ते तुटलंच. बुजवायचं दोघींच्याही मनात नाही. विरजण, कोयता, लग्नपत्रिका आणि चौलभरच्या खबरी त्यातूनच इकडून तिकडे होतात.

मी गेले. वहिनी पाटावर बसून शेवटच्या सुपाऱ्या सोलत होत्या.

"सूनबाईंचं डोकं फिरलंय."

हे वाक्य मला नवं नाही. गेल्या खेपेला ते नाश्त्यावरून होतं. सूनबाईंनी वाडीत दोन खोल्या काढून मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय सुरू केली आहे. पाहुण्यांना घावने द्यायचे की ब्रेड, यावर सासू-सुनेत पंधरवडाभर अबोला होता. (घावने जिंकले.) म्हणून मी सावकाश विचारलं, "आता काय?"

"बाबूला आठवीत घालत नाही म्हणते. वर्षभर घरी ठेवणार. घरीच शिकवणार. होम स्कूल."

'होम' म्हणताना त्यांचा हात असा काही हवेत गेला, की मला क्षणभर नवचंडीच वाटली.

"बरोबरीची पोरं हायस्कुलात नावं घालून आली. हा आपला पेरूच्या झाडावर. पोरगं सातवी पास, हातीपायी धड, डोक्यानं नीट. लोक विचारतील, घरी का? काय सांगू?"

"लोकांना कळलंय?"

"मी अजून तुमच्याशिवाय कुणालाच नाही सांगितलेलं," वहिनी म्हणाल्या. म्हणजे नाक्यापर्यंत गेलेलं असणार.

मग सगळं बाहेर आलं. महाशिवरात्रीच्या सुमारास पुण्याची एक पाहुणी चार दिवस राहून गेली. तिची बारा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेलेली नाही. दिवसभर आग्रावच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा करायची आणि रात्री वहीत त्यांची लॅटिन नावं लिहायची. तिची आई सूनबाईंना म्हणाली, वाडी, विहीर, समुद्र, किल्ला, एवढं दाराशी असताना मुलाला चार भिंतींत कशाला कोंडता? झालं. तेव्हापासून सूनबाईंना झोप नाही.

"त्या मुलीचा बाप काय करतो?" मी विचारलं.

"दोघंही कॉम्प्युटरवर. घरूनच."

"मग तिच्याकडे एक माणूस कायम घरी आहे. तुमच्याकडे शनिवार-रविवारी चादरी धुवायला माणूस पुरत नाही."

वहिनींना हा मुद्दा इतका आवडला, की त्यांनी मुठीतल्या सुपाऱ्या तशाच टोपलीत टाकल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, मी ऐकतेय." सूनबाई दोरीवर चादरी घालत होत्या. आठ चादरी, म्हणजे दोन्ही खोल्या भरलेल्या.

आता बाबूबद्दल मला काय माहीत आहे ते सांगते, कारण पोरगा अर्धा माझ्याच ओटीवर वाढलेला आहे. जन्म २०१३चा. २०१९ला पहिलीत बसला. 'आई', 'घर', 'नळ' वाचू लागला आणि मार्चमध्ये शाळा बंद. जूनमध्ये दुसरी मोबाईलवर सुरू होणार म्हणेपर्यंत तीन तारखेला वादळ आलं. कौलं उडाली, वाडी झोपली, विजेचे खांब रस्त्यात आडवे. मोबाईलवर शाळा म्हणायला मोबाईल तर चार्ज व्हायला हवा! बाबूची दुसरी अशी गेली, की तो दुसरीत होता याला पुरावा फक्त प्रगतिपुस्तकाचा. तिसरी डिसेंबरपर्यंत तशीच. गावाकडच्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या १ डिसेंबर २०२१ला. त्या दिवशी बाबू शाळेत गेला तो थेट तिसरीच्या धड्यावर. दशक-एकक कुणी शिकवलं? कुणीच नाही. ते दुसरीत असतं.

मास्तरांचा दोष म्हणाल तर मी म्हणणार नाही. एका खोलीत दोन वर्ग, शिवाय माहिती भरायची, शिवाय निवडणुकीची कामं. पोरगं गप्प बसतं, त्रास देत नाही, पुढं सरकतं. २०२३-२४ला बाबू पाचवीत गेला नेमका, आणि त्याच वर्षापासून सरकारनं पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात. बाबू गणितात अडकला. जूनमधल्या फेरपरीक्षेला पस्तीस टक्क्यांच्या काठाला बोट लावून वर आला. तेव्हा वहिनींनी रामेश्वराला नारळ फोडला होता. मलाही अर्धी वाटी आली होती.

"म्हणूनच म्हणते," सूनबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या. "काकू, आठवीला पुन्हा तीच परीक्षा. आणि आठवी निघाली तर नववी. नववीत काय करतात ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. आठवीपर्यंत ढकलायचं आणि नववीला गाळायचं, म्हणजे दहावीचा निकाल चकचकीत लागतो. हे कुठल्या एका शाळेचं नाही, सगळीकडे थोडंफार चालतं. हायस्कुलात आठवीच्या वर्गात साठ मुलं, प्रत्येक विषयाला वेगळे सर, तास पस्तीस मिनिटांचा. तिथं कुणी बाबूला थांबून विचारणार नाही, की बाळा, तुला दुसरीतलं कुठलं येत नाही?

सूनबाईंचं म्हणणं असं मला पटत चाललं होतं. पण गप्पांत पटलं असं लगेच म्हटलं तर गप्पा संपतात.

"घरी ठेवून नेमकं काय करणार?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईल काढला. त्यात वेळापत्रक होतं. सोमवारी इतिहास: रेवदंड्याचा कोट. मंगळवारी भाषा: कोर्लईला जाऊन तिथली पोर्तुगीज वळणाची बोली ऐकणे. बुधवारी निकितिन. हा रशियाचा व्यापारी, १४६९च्या सुमाराला चौलच्या बंदरात उतरला आणि इथली माणसं कशी राहतात, काय नेसतात ते सगळं लिहून गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. गुरुवारी चौलची १५०८ची लढाई. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा आपल्या खाडीच्या तोंडाशी मेला.

"छान आहे," मी म्हटलं. "गणित?"

"वाडीतूनच. नारळ मोजणं, पाण्याचा हिशेब, पाहुण्यांची बिलं."

वाडीत नारळ मोजले की गणित येतं असं म्हणणारी माणसं बहुतेक वाडीत राहत नाहीत. पण हे मी बोलले नाही. सूनबाई राहतात.

मग मोठमोठी नावं निघाली. सूनबाईंनी मालविका जोशी काढली. दादरच्या शाळेतून सातवीनंतरच आईनं काढली, बघा, सातवीनंतरच! घरी शिकली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीत घेईनात, तर २०१६ला अमेरिकेत एमआयटीनं बोलावून नेली.

"ती शाळेच्या पुढं पळत होती म्हणून घरी बसली," मी म्हटलं. "बाबू मागं राहिला म्हणून बसणार. वाट एकच दिसते, पण एक डोंगर चढतोय आणि एक उतरतोय."

"आणि विनोबा?" सूनबाई माघार घेणाऱ्यातल्या नव्हेत. "आपल्याच जिल्ह्यातले, पेणजवळच्या गागोद्याचे. त्यांनी सर्टिफिकिटं चुलीत घातली."

यावर वहिनी जे बोलल्या ते मी वहीत उतरवून ठेवलंय. "आधी मिळवली, मग जाळली. तुझ्या पोराकडे जाळायला काय आहे?"

सूनबाई हसल्या. वहिनीही हसल्या, पण जिंकल्यासारख्या. मला ते बरं वाटलं नाही, म्हणून मी माझ्या खात्यातलं माणूस काढलं. मी तेहतीस वर्षं पोस्टात काढली. आनंदीबाई जोशींचे गोपाळराव आमच्याच खात्यातले, पोस्टात कारकून. कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली होती. म्हणजे भारतातली पहिली डॉक्टरीण, जी १८८६ला फिलाडेल्फियातून पदवी घेऊन निघाली, ती काही काळ आपल्या अलिबागेत नवऱ्याजवळ घरीच धडे गिरवत होती.

"बघा!" सूनबाई म्हणाल्या.

"पुढचंही बघा. २०१९चा सिनेमा पाहिलात ना? त्यात दाखवलं त्याहून पुष्कळ अधिक आहे. गोपाळराव मारायचे. आनंदीबाईंनी स्वतःच पत्रात लिहिलंय, लाकडानं मारलं, पुस्तकं फेकली, खुर्च्या फेकल्या. शाळेतल्या मास्तरापासून पोराची पाच वाजता सुटका होते. घरातला मास्तर रात्री जेवायलाही समोर असतो."

सूनबाई गप्प झाल्या. मलाच वाईट वाटलं. बाई पोरावर ओरडत नाही. पण आठ चादरी, दोन खोल्या, संध्याकाळी चौदा माणसांचं जेवण, त्यात नवरा थळला कंपनीत शिफ्टवर, आणि मध्ये पोराचा भागाकार चुकला, तर कुठल्याही बाईचा हात उठेल. माझाही उठला असता.

एवढ्यात पाटी घेऊन मासेवाली आली. आमच्याकडे तिला सगळे मावशी म्हणतात, ती आम्हाला बाय म्हणते. विषय तिनं रस्त्यातूनच ऐकलेला होता.

"पोराला घरी ठेवतं का? ठेव ना गो. माजा धाकटा नववीत नापास झाला नि बोटीवर गेला. दोन वरसांनी म्हनतो, आये, धावीची परीक्षा देतो. सतरा नंबरचा फॉरम भरला नि सुटला. आज बोटीचा हिशेब तोच बघतो. मांदेली घे, ताजी हाय."

सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसायचा फॉर्म. चौदा पूर्ण झाली की दहावीला भरता येतो. आमच्या किनारपट्टीला त्या नंबरानं किती पोरं तारली, याची कुणी गणती केली तर मोठी निघेल. सूनबाईंनी याहूनही पुढची माहिती काढून ठेवलेली होती. राज्य सरकारचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात तेरा पूर्ण झालेल्या मुलाला घरी शिकून आठवीची परीक्षा देता येते. केंद्राचं एनआयओएस आहे, त्यांची दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, मराठीतूनही देता येते, पाच वर्षांत नऊ वेळा बसायला मिळतं. एकेक विषय सुटा सोडवला तरी चालतो.

"आणि सरकार पकडणार नाही?" वहिनींनी विचारलं.

शिक्षणहक्काचा कायदा आहे २००९चा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे आई-बापाचं कर्तव्य असं त्यात लिहिलंय. पण घातलं नाही तर दंड किंवा कैद असं काही त्यात नाही. बांधलंय ते सरकारला, की प्रत्येक पोराला जागा दे. घरी शिकवणारे त्या फटीत बसलेत. कुणी उठवत नाही आणि कुणी पाटही देत नाही.

"हेडमास्तर म्हणाले, दाखला नेऊन कुठंच नाव घातलं नाहीत तर पोरगा ड्रॉप बॉक्समध्ये दिसेल," सूनबाई म्हणाल्या.

"पोस्टाच्या पेटीत?" वहिनी दचकल्या आणि जणू मीच टाकणार असल्यासारख्या माझ्याकडे बघू लागल्या.

ड्रॉप बॉक्स हे सरकारच्या शाळांच्या यादीतलं खातं आहे. एका शाळेतून निघाला आणि दुसरीत पोहोचला नाही असा पोर तिथं पडून राहतो. मग शाळाबाह्य मुलांच्या शोधाला शिक्षक घरी येतात. मला ती कल्पना फार ओळखीची वाटली. आमच्याकडेही अशी पत्रं असायची, पत्ता अपुरा, पाठवणारा सापडत नाही. त्यांचं वेगळं कपाट असे.

तेवढ्यात खुद्द बाबू आला. हातात पंपाचा स्टार्टर. "आजी, तुमच्याकडचा स्क्रू ड्रायव्हर." मला तो पोस्टआजी म्हणतो, वहिनींना नुसती आजी; पण काम असलं की आम्ही दोघीही आजी.

मी म्हटलं, "थांब. सहाशे बारा नारळ आहेत. सहा जणांत वाटायचे. किती?"

"एकशे दोन," बाबू म्हणाला. स्टार्टरवरून नजरही उचलली नाही.

"कसे?"

"शंभर-शंभराचे सहा ढीग. उरले बारा. दोन-दोन वाटले."

वहिनींनी विजयानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं माझ्याकडे. मी ओटीवरून पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरचं पान आणलं. "आता हेच लिहून कर."

पोरगं बदललं. खांदे वर गेले, जीभ दातांत आली. सहा एके सहा, खाली शून्य. एक उतरवला, सहाचा भाग जात नाही. दोन उतरवले, बारा. सहा दुणे बारा. उत्तर: १२.

"बाबू, मघाशी एकशे दोन म्हणालास."

"हो. ते नारळांचं. हे पेपरातलं."

हे वाक्य ऐकून मी काही वेळ बोललेच नाही. दोन उत्तरं आहेत हे त्याला दिसत होतं आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. नारळाचं जग वेगळं, कागदाचं जग वेगळं. कागदावरचं खरं असावं अशी त्याची अपेक्षाच नव्हती. गेल्या वर्षी पेपरात वाचलं होतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात माल विकणाऱ्या पोरांची परीक्षा घेतली, 'नेचर' मासिकात २०२५ला छापून आली. ती पोरं तोंडी हिशेब फटाफट करत होती आणि तसलीच गणितं कागदावर आली की अडत होती. शाळेतल्या पोरांचं उलटं. तेव्हा वाचून मी म्हटलं होतं, यात काय नवल. आज अंगणात उभी राहून नवल वाटलं.

आणि एकट्या बाबूचं काय घेऊन बसलात? 'असर' म्हणून पाहणी असते, 'प्रथम' संस्था गावोगाव जाऊन घरी मुलांना तपासते. २०२२च्या पाहणीत देशातल्या गावांकडच्या आठवीच्या मुलांपैकी तीन आकड्यांना एका आकड्यानं भागणं शंभरात पंचेचाळीसांनाच जमलं. म्हणजे हायस्कुलात नाव घातलेल्या त्या बरोबरीच्या पोरांतली निम्मी बाबूसारखीच. फरक एवढाच, की त्यांच्या आया झोपतात.

"बाबू, हे वाच." मी आलेलं पाकीट काढलं. (रजिस्टर पोस्ट गेल्या सप्टेंबरात स्पीड पोस्टात विलीन केलं, माझ्या डोळ्यांदेखत माझं आयुष्य विलीन केल्यासारखं. असो.) पाकिटावर पिन होता, चौलचा, ४०२२०३.

"चार हजार... दोनशे तेवीस."

सापडलं. शून्य आलं की पोरगा ते गिळून टाकत होता. भागाकारात गिळलं, वाचताना गिळलं. दुसरीतलं दशक-एकक. सहा वर्षांपूर्वीच्या एका जूनमध्ये वीज नसलेल्या घरात जे शिकायचं राहिलं, ते इतकंच होतं. त्यावर तिसरीचं, चौथीचं, सातवीचं ओझं रचत गेले.

मी त्याला पिन कसा चालतो ते सांगितलं. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, आपल्या कोकणातल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी काढला. पोस्टात मोठे अधिकारी आणि संस्कृतात कविता करणारे. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिल्या तीन आकड्यांनी पत्र आपल्या भागातल्या वर्गीकरणाच्या ठिकाणी येतं. शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. "आता यातलं एक शून्य काढून टाकलं तर?"

बाबूनं बोट ठेवून पाहिलं. "मग पाचच राहतील."

"पत्र कुठं जाईल?"

"कुठंच नाही."

"मग शून्य म्हणजे काहीच नाही असं कसं म्हणतोस? कुणीतरी जागा धरून बसलंय ना?"

एस्टीत रुमाल टाकून जागा धरतात तसं, असं तो स्वतःच म्हणाला. मी शिकवलं नाही. मग कॅलेंडरच्या पानावर परत गेला, एक आणि दोनच्या मध्ये फट ठेवून बराच वेळ बघत बसला, आणि तिथं एक लहानसं, भीत भीत शून्य घातलं.

वहिनी सुपारी सोलायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "सूनबाई, तुमचं दुखणं बरोबर आहे, पण औषध अख्ख्या बाटलीचं काढलंत. निकितिन बुधवारी राहू दे. या पोराला वर्षभर घर नको, रोज एक तास पाहिजे, अगदी सावकाश. आता शाळा उघडायला पाच आठवडे आहेत. दुपारी चार ते पाच माझ्या ओटीवर. दुसरीचं पुस्तक आणा."

"दुसरीचं? तो लाजेल."

"बाहेरच्या बाजूला कॅलेंडरचं कव्हर घाला."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये बघू. नाव घालायचं की नाही ते तेव्हा ठरवा. अजून कच्चा वाटला तर ठेवा घरी, मुक्त विद्यालयाचा फॉर्म मी स्वतः तुमच्याबरोबर भरते. पण तेव्हा चादरींना बाई लावावी लागेल आणि त्या बाईचे पैसे आधी मोजून ठेवा. घरची शाळा फुकट नसते, कुणाचा तरी सबंध दिवस तीत जातो. बहुतेक आईचाच."

सूनबाई म्हणाल्या, "तरी मला अजून वाटतंच, की हायस्कुलात तो हरवेल." ते मीही खोडून काढू शकले नाही. हरवेलही. साठांत हरवणं ही काही भित्र्या आईची कल्पना नव्हे.

वादळानंतर लावलेल्या वहिनींच्या पोफळींना यंदा पहिल्यांदा सुपारी धरली आहे. त्यावरून मला काहीतरी सुंदर बोलायचा मोह झाला होता, पण मांजरीनं कुंपणाच्या खांबावर ठेवलेल्या मांदेलीच्या पिशवीत तोंड घातलं आणि सभा उधळली. मावशीनं आणखी एक वाटा दिला, अर्धे पैसे घेऊन.

हे सगळं झालं मंगळवारी. बुधवारी बाबू आला, दुसरीचं पुस्तक कव्हर घालून. गुरुवारी सकाळी रेवदंड्याला बाजारात गेले तर एक ओळखीची बाई म्हणाली, "ताई, तुम्ही शाळा काढलीत म्हणे?" मी म्हटलं, कुणी सांगितलं? ती म्हणाली, नाक्यावर सगळे म्हणतात. मला कुणाला विचारायची गरज नव्हती. ज्या बाईनं 'तुमच्याशिवाय कुणालाच नाही सांगितलं' म्हटलं होतं, तिनं आता लोकांना काय सांगू हा प्रश्न असा सोडवला होता: पोरगं घरी बसलं नाही, पोस्टाच्या ताईंकडे क्लासला जातंय.

शुक्रवारी चार वाजता भगदाडातून बाबूच्या मागोमाग तीन पोरं आली. दोन हायस्कुलात नावं घातलेली, एक नववीत जाणारा, मिशी फुटू लागलेला. वहिनींनी चौघांसाठी कोकम सरबत पाठवलं. मी कॅलेंडरची पानं वाटली आणि तेच घातलं, सहाशे बारा भागिले सहा.

मिशीवाल्यानं पहिल्यांदा हात वर केला. "बारा."

बाबू भिंतीला टेकून पेन्सिलीला टोक काढत होता. त्यानं वाकून त्याच्या कागदाकडे पाहिलं.

"अरे, ढिगातले शंभर कुठे गेले?"